हीटर थंड पडतो तेव्हा

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाचे मोटारीतल्या हीटरशी फारसे काम पडत नाही. डॅशबोर्डवर अर्धी निळी आणि अर्धी लाल खूण असलेली कळ वर्षभर निळ्या बाजूलाच असते. पण तीच गाडी घेऊन कोणी डिसेंबरात मनालीला गेले आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरले, की ती कळ लाल बाजूला सरकते. अशा वेळी बाहेरचे तापमान उणे १० अंश सेल्सिअस असताना हीटरमधून गार वारा येऊ लागला, तर प्रश्न केवळ हुडहुडीचा राहत नाही. श्वासातली वाफ काचेवर आतून गोठते आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. शिवाय तो गार वारा आणखी एका मोठ्या संकटाची पूर्वसूचना असू शकतो. ते संकट कोणते, ते पुढे पाहू.

‘हीटर बिघडला’ असे आपण सहज म्हणून जातो. घरातल्या विजेच्या शेगडीत तापणारी तार असते, गीझरमध्ये कॉइल असते. ती जळली की उपकरण बिघडते. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीच्या हीटरमध्ये मात्र तापणारे असे काहीच नसते. तो उष्णता निर्माण करत नाही. दुसरीकडे निर्माण झालेली उष्णता फक्त आपल्यापर्यंत पोचवतो. म्हणून ‘हीटर का बिघडला?’ असे विचारण्याऐवजी ‘उष्णता वाटेत कोठे अडली?’ असे विचारले, तर उत्तर लवकर सापडते. हा प्रश्न सोडवायला आठवी-नववीचे भौतिकशास्त्र पुरते. म्हणूनच तो वर्गात नेण्याजोगा आहे.

उष्णता येते कोठून?

एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूला तापवतो. ही उष्णता सतत काढून घेतली नाही तर इंजिन काही मिनिटांत निकामी होईल. म्हणून इंजिनाच्या ठोकळ्यातल्या पोकळ्यांमधून पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवलेले असते. यालाच कूलंट म्हणतात.

कूलंट फिरवण्यासाठी एक पंप असतो. बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. गरम झालेले कूलंट पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जाते आणि वाऱ्याने थंड होऊन परत येते. पण इंजिन गार असताना ते रेडिएटरकडे जाऊन चालत नाही. इंजिन लवकर तापायला हवे असते. यासाठी वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप बसवलेली असते. तिच्या आत मेणाची छोटी डबी असते. तापमान ८० ते ९० अंशांच्या दरम्यान गेले की मेण वितळते, प्रसरण पावते आणि एक दांडी ढकलून झडप उघडते. विजेशिवाय चालणारी ही युक्ती सर्जियस व्हर्ने यांनी १९३४ मध्ये शोधली आणि ती आजही वापरात आहे.

याच कूलंटचा एक फाटा दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डच्या मागे जातो. तेथे वहीएवढ्या आकाराची एक छोटी जाळी असते. तिला गॅरेजमध्ये हीटर कोअर म्हणतात. हा खरे तर दुसरा, छोटा रेडिएटरच. ब्लोअरचा पंखा त्यातून हवा फुंकतो आणि ती गरम हवा आपल्या पायांवर येते. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापू लागले की अनुभवी ड्रायव्हर खिडक्या उघडून हीटर पूर्ण लावतात, त्यामागचे कारण हेच. हीटर लावल्याने इंजिनाला आणखी एका रेडिएटरची मदत मिळते.

थोडे गणित

हीटर किती उष्णता देतो? ब्लोअर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम हवा फुंकतो असे धरू. ही हवा उणे ५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत, म्हणजे ५० अंशांनी तापवायची आहे. हवेचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे १ किलोज्यूल आहे. म्हणून लागणारी शक्ती ०.१ × १ × ५० = ५ किलोवॅट. न्हाणीघरातले २ किलोवॅटचे अडीच गीझर एकदम लावावेत, तेवढी ही उष्णता झाली.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी आणि लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी तासाला ४ लिटर पेट्रोल जाळते. त्यातून सुमारे ३७ किलोवॅट ऊर्जा मिळते आणि तिच्यातले १२ किलोवॅट कूलंटकडे जातात. हीटरचे ५ किलोवॅट त्यातून सहज भागतात. पण गाडी उभी करून इंजिन नुसते चालू ठेवले, तर तासाला जेमतेम पाऊण लिटर पेट्रोल जळते आणि कूलंटला २ किलोवॅटच्या आसपास उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत उभ्या गाडीचा हीटर कोमट राहिला तर तो बिघाड नसून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे! दुरुस्तीला हात घालण्याआधी बिघाड खरोखर आहे का, हे पाहायचे ते यासाठी.

आता कूलंटच्या बाजूने पाहू. हीटरच्या नळीतून मिनिटाला १० लिटर कूलंट वाहत असेल, तर ५ किलोवॅट उष्णता देऊन ते फक्त ८ अंशांच्या आसपास थंड होते. म्हणजे ८५ अंशांना आत गेलेले कूलंट ७७ अंशांना बाहेर पडेल. दोन्ही नळ्या चांगल्या गरम लागतील. पण प्रवाह एक दशांश झाला, तर प्रत्येक लिटरला दसपट उष्णता द्यावी लागेल आणि परतीची नळी गार लागेल. याचा अर्थ असा, की नळ्या न कापता, प्रवाहमापक न लावता, नुसत्या स्पर्शाने आतला प्रवाह ठीक आहे की नाही ते कळते.

मधोमध सुरुवात करा

दिव्यांच्या जुन्या पद्धतीच्या माळेत एक दिवा उडाला की सगळी माळ विझते. पहिल्या दिव्यापासून एकेक तपासत गेलो तर शंभर दिव्यांच्या माळेत तास जातो. मधोमध तपासणी केली तर निम्मी माळ एका फटक्यात निर्दोष ठरते. उष्णतेच्या वाटेवर तशी मधली जागा म्हणजे हीटरच्या या दोन नळ्या. मात्र त्याआधी बसल्या जागी कळणारे दोन प्रश्न संपवून टाकावेत.

पहिला प्रश्न : वारा येतो का? वाराच येत नसेल तर दोष विजेकडचा : फ्यूज, ब्लोअरची मोटर किंवा तिचा वेग बदलणारा रेझिस्टर. वारा येतो पण अगदी क्षीण, असे असेल तर आधी हवेचा फिल्टर पाहावा. आपल्याकडच्या धुळीने तो गच्च भरलेला असतो.

दुसरा प्रश्न : इंजिन तापले आहे का? तापमानाचा काटा बराच वेळ खालीच रेंगाळत असेल, गावात सावकाश चालवताना हीटर बरा चालत असेल आणि हमरस्त्यावर वेग घेतला की गार पडत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. वेगात रेडिएटरवरचा वारा इतका वाढतो, की उष्णता तिकडेच वाहून जाते. बहुतेक गाड्यांत याची खात्री करणे सोपे आहे. गार इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर लक्ष ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर ती कित्येक मिनिटे गार राहते आणि मग एकाएकी तापते. तो उघडा असेल तर ती इंजिनाबरोबरच हळूहळू कोमट होत जाते.

आता बॉनेट उघडून हीटरच्या नळ्यांकडे वळू. पंख्याच्या पट्ट्यापासून हात, बाही आणि ओढणी दूर ठेवा. नळी मुठीत धरू नका. ६० अंशांची वस्तूही काही सेकंदांत भाजते आणि येथे तर ८५ अंश आहेत. हाताची मागची बाजू जवळ नेऊन क्षणभर टेकवणे पुरे. कारखान्यात वापरतात तो अवरक्त तापमापक मिळाला तर उत्तमच. पण कोविडच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा तापमापक येथे निरुपयोगी आहे. तो शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच आकडे दाखवतो.

उत्तरे तीनच संभवतात.

दोन्ही नळ्या गरम : उष्णता जाळीपर्यंत पोचली आहे, अडथळा पुढे आहे. डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. ती गार आणि गरम हवेचे प्रमाण ठरवते. तिची तार निसटली असेल किंवा तिला फिरवणारी छोटी मोटर अडली असेल. येथे कूलंट बदलून काहीही होणार नाही.

एक गरम, एक गार : कूलंट जाळीच्या तोंडाशी आले आहे, पण पलीकडे जात नाही. जाळी गाळाने तुंबली आहे, तिच्यात हवा अडकली आहे किंवा नळीवर तोटी असल्यास ती बंद आहे.

दोन्ही गार, पण इंजिन गरम : कूलंट येथवर येतच नाही. त्याची पातळी खाली गेली आहे, हवा अडकली आहे किंवा पंप काम करत नाही.

जाळी तुंबते ती बहुधा आपल्याच सवयीने. कूलंट कमी झाले की बोअरचे किंवा विहिरीचे पाणी ओतले जाते. त्यातले क्षार साचतात, गंज वाढतो, आणि हीटरच्या जाळीतल्या अरुंद वाटा आधी बुजतात. महाराष्ट्रात हीटर कोणी लावत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. दुसरा धोका याहून मोठा आहे. नुसते पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. त्यामुळे जाळी फुटू शकते, इंजिनाचा ठोकळाही तडकू शकतो. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असेल तर ते मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. हिमालयात जाण्यापूर्वी कूलंट तपासून घ्यायचे ते यासाठी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत सांडू देऊ नये.

हवेचा फुगा

एक लक्षण नेहमी गोंधळात टाकते. गाडी उभी असताना हीटर गार असतो, ॲक्सिलरेटर दाबला की गरम वारा येतो, सोडला की पुन्हा गार. कधी डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाजही येतो. हे कशामुळे?

कूलंट कमी झाले की त्याची जागा हवा घेते आणि हवा नेहमी वरच्या जागी जाऊन बसते. अनेक गाड्यांत हीटरची जाळी ही मंडलातल्या उंच जागांपैकी एक असते. पंपाला आता त्या फुग्यापलीकडे कूलंट ढकलायचे असते. पंपाचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते. ते २,४०० फेरे घेऊ लागले तर वेग तिप्पट आणि दाब नऊपट होतो. एवढ्या दाबाने कूलंट फुग्याला रेटून जाते, म्हणून तेवढ्यापुरता गरम वारा येतो. पंप झिजला असेल तरी असेच होते. पण आधी पातळी पाहावी, कारण ते काम फुकटात होते.

घरावर सौर बंब असेल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. टाकीत कढत पाणी असते, नळ उघडला तर थेंबही येत नाही. नळीच्या वरच्या वळणात हवा अडकलेली असते.

काट्यावर किती विश्वास ठेवावा?

सुरुवातीला ज्या संकटाचा उल्लेख केला ते असे. कूलंट गळत असेल तर पुष्कळदा पहिला परिणाम हीटरवर दिसतो. चांगला चालणारा हीटर चढावर अचानक गार पडतो. आपण तापमानाच्या काट्याकडे पाहतो. तो मध्यावर असतो, कधी खालीही येतो, आणि आपण निर्धास्त होतो. पण काट्याला खबर देणारा संवेदक द्रवात बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. भोवतीचे कूलंट निघून गेले आणि तो हवेत किंवा वाफेत उघडा पडला, तर धातू तापत असतानाही तो कमी आकडा दाखवू शकतो. अशा वेळी गाडी पुढे रेटली तर इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि शे-दोनशे रुपयांच्या नळीपायी सगळे इंजिन उघडावे लागते. म्हणून गरम असलेला हीटर एकाएकी गार पडला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

त्यानंतर मात्र रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. ते प्रेशर कुकरच्या झाकणासारखे आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने जास्त असतो, त्यामुळे समुद्रसपाटीवर आतले पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि कढत पाणी एकदम उसळून तोंडावर येते. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, फडके धरून, सावकाश झाकण काढावे. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी तर उघडे पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळते. झाकणाचे रबर खराब होऊन दाब टिकत नसेल, तर पुण्यात ठीक चालणारी गाडी तेथे कूलंट उकळून बाहेर टाकू लागेल. पातळी वारंवार कमी होते आणि गळती कोठे दिसत नाही, असे असेल तर झाकण आणि हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. उष्णतेची वाट मागे मागे नेली तर ती ज्वलनापाशी पोचते, आणि ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. बर्फात गाडी अडकली आणि धुराची नळी बर्फाने बुजली, तर हीटरसाठी चालू ठेवलेल्या इंजिनाचा धूर गाडीत शिरू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली. त्यातल्या काहींच्या बाबतीत थंडीबरोबर हा वायूही कारण ठरल्याचे सांगितले गेले. अशा प्रसंगी आधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी.

वर्गात करून पाहा

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब तीन-चार मीटर घ्या. ती करंगळीपेक्षा बारीक असावी. साधारण वीतभर व्यासाचा डबा आडवा धरून त्याभोवती ट्यूबचे चार-पाच वेढे घाला आणि दोऱ्याने बांधा. एका टोकाला नरसाळे लावून ते डब्याच्या थोडे वर धरा. दुसरे टोक खाली बादलीत सोडा. नरसाळ्यात रंगीत पाणी अगदी थोडे थोडे, थांबत थांबत ओता. प्रत्येक वेढ्याच्या तळाशी पाणी आणि माथ्याशी हवा साचेल. थोड्या वेळाने नरसाळ्यात पाणी तुंबलेले दिसेल. बादली खाली आहे, वाट मोकळी आहे, तरी पाणी वाहत नाही! प्रत्येक वेढ्यात पाण्याच्या दोन बाजूंच्या उंचीत पडणारा फरक मोजायला सांगा. हे फरक एकमेकांत मिळवले जातात आणि त्यांची बेरीज वरच्या पाण्याचा दाब पेलून धरते.

आता नरसाळ्यात पाणी घालत ते हळूहळू उंच न्या. एका उंचीला प्रवाह सुरू होईल. ॲक्सिलरेटर दाबला तो असा. भरपूर पाणी ओतून सगळे फुगे निघून गेले, की नरसाळे पूर्वीच्याच उंचीवर आणा. आता पाणी वाहत राहील. गॅरेजमध्ये कूलंट भरल्यावर हवा काढतात, ती यासाठी.

विजेच्या मोटारीत इंजिन नाही, म्हणून फुकटची उष्णताही नाही. तेथे खरोखरच विजेवर तापणारे घटक असतात किंवा बाहेरच्या थंड हवेतून उष्णता ओढून घेणारा उष्णतापंप असतो. ही वीज चाकांना चालवणाऱ्या बॅटरीतूनच येते, त्यामुळे हिवाळ्यात अशी गाडी एका चार्जिंगमध्ये कमी अंतर जाते. वाट बदलली, तरी तिचा माग काढण्याची रीत तीच राहते.

शेवटी विद्यार्थ्यांना देण्यासाठी तीन कोडी. एक : हीटर गार, दोन्ही नळ्या गरम. दोन : गावात गरम, हमरस्त्यावर गार, काटा खाली. तीन : काल पातळी पूर्ण होती; आज चढावर हीटर अचानक गार पडला, काटा मात्र मध्यावर. प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिहायला सांगा : उष्णता कोठे अडली असावी, आणि ते ताडून पाहण्यासाठी पुढची एकच तपासणी कोणती कराल. तिसऱ्या कोड्यात आणखी एक प्रश्न विचारा : तपासणीच्या आधी काय कराल?